भाता न उघडता

इथे जपानमध्ये, फुनाबोरीत, आमच्या वरच्या मजल्यावर एक मल्याळी गृहस्थ राहतात. इमारतीतले सगळे भारतीय त्यांना चेट्टा, म्हणजे दादा म्हणतात. केरळात त्यांनी सिनेमांना चाली दिल्या, काही गाणी स्वतः गायली. मग कामं येईनाशी झाली आणि बायकोच्या नोकरीमागे ते इथे आले. हे सगळं ते दुसऱ्या कुणाचं आजारपण सांगावं तसं सांगतात.

माझ्या मुलीला ते पेटी शिकवतात, तीही भाता न उघडता. शेजारच्या आजींनी एकदा आवाजाची तक्रार केली, तेव्हापासून बोटं नुसती पट्ट्यांवर फिरतात आणि सूर चेट्टा ओठांतल्या ओठांत पुरवतात. बोलणंही तसंच. वाक्याचा शेवट ऐकायला मला पुढे वाकावं लागतं. चीड येते मला. आजींची नाही, त्यांची.

परवा मी हट्टाने त्यांना स्टेशनजवळच्या काराओकेत नेलं, मुलीलाही घेतलं. तासाभरासाठी खोली घेतली, दार लावलं. म्हटलं, "चेट्टा, इथून काही बाहेर ऐकू जात नाही. तुमचं गाणं म्हणा, मोकळ्या गळ्याने."

त्यांनी डोळे मिटले. मानेच्या शिरा ताणल्या, कपाळावर घाम आला. थोड्या वेळाने मुलगी माझ्या कानात म्हणाली, "आई, हे सुरू कधी करणार?"

ते शेवटच्या कडव्यावर होते.

निघताना काउंटरवरच्या बाईंपुढे ते कमरेत वाकले आणि आवाज केल्याबद्दल जपानीत माफी मागितली. इतक्या खणखणीत आवाजात मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.