अटादचं खळं, मुक्काम पोस्ट क्रेगीबर्न

डोळे बांधून जगाच्या पाठीवर कुठेही नेऊन सोडलं, तरी पायाखालची चिमूटभर माती जिभेवर ठेवून आपण कुठे आहोत हे अचूक सांगेल, असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. आणि तोच माणूस मेलबर्नच्या कडेला असलेल्या क्रेगीबर्नमध्ये, शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये दर आठवड्याला स्वतःची गाडी हरवायचा. हे आमचे घरमालक. आमची पिढी तेव्हा विमानं भरभरून मेलबर्नला शिकायला उतरत होती. मेकॅनिकल इंजिनियर अकाउंटिंग शिकत होते, बी.एस्सी. झालेली मुलं केस कापायला शिकत होती, आणि या गर्दीतल्या चार मराठी मुलांना या गृहस्थांनी आपल्या घरात खोल्या दिल्या होत्या. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान् पिढ्या कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते न चुकता बंद ठेवणारे ज्यू. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचे, नारळाच्या रसातली माशाची आमटी अशी करायचे की दोन दिवस हाताला वास राहावा, आणि अलिबागचे असूनही धर्मात बसत नाही म्हणून कोलंबीकडे ढुंकून बघायचे नाहीत. नोकरी सरकारी, मातीची पाहणी करण्याची. निवृत्त झाले, काकू गेल्या, आणि मग त्यांनी मनातला जुना उद्योग पूर्णवेळ सुरू केला. जुन्या हिब्रू धर्मग्रंथांत ज्यांचं नाव आहे पण नकाशावर पत्ता नाही, अशा जागा शोधून काढायच्या. तेही क्रेगीबर्नच्या स्वयंपाकघरात बसून.

विद्वान मंडळी हरवलेल्या गावाच्या नावामागे लागतात; काका तिथल्या पिकामागे लागायचे. "नावं काय, माणसं बदलतात," ते म्हणायचे. "पण गव्हाला खारी जमीन मानवत नाही, हे कुठला राजा बदलणार?" गहू म्हटला असेल तर खाऱ्या जमिनीवर काट, जव असेल तर चालेल, द्राक्षं असतील तर चुनखडीचा उतार हवा, अशी चाळण लावून त्यांनी भल्याभल्या प्रोफेसरांची गावं उठवून दुसरीकडे वसवली होती. उपग्रहाचे नकाशे तेव्हा नुकतेच घरच्या कॉम्प्युटरवर दिसायला लागले होते. त्यांवर नाक टेकवून काका यार्देन, म्हणजे जॉर्डन, नदीचं खोरं वीत वीत करून बघायचे. जमिनीखाली जुनी भिंत किंवा मळणीसाठी चोपलेलं खळं असेल तर वरचं पीक तेवढ्याच भागात खुजं आणि पिवळं येतं, आणि उंचावरून तो आकार दिसतो, हे त्यांचं ब्रह्मास्त्र होतं. एकदा मी युनिमधून घरी येतोय तर काका दारातच उभे. "सापडलं! गोल आहे, पिवळं आहे!" माझा रूममेट पक्या नागपूरचा, कुकरीचा कोर्स करणारा. त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "काका, हे तं पाण्याचं टाकं दिसून राहिलं. सावली पाहा ना त्याची." काकांनी पक्याशी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी नकाशा करणाऱ्यांना नावं ठेवून तो सोडला.

या सगळ्या जागांत त्यांचा जीव अडकला होता तो अटादच्या खळ्यात. कथा अशी, की परदेशात मोठा झालेला एक मुलगा आपल्या बापाचा देह पुरण्यासाठी मायदेशी घेऊन निघतो. वाटेत, यार्देनपलीकडे, कुणाच्या तरी खळ्यावर तो थांबतो आणि बापासाठी सात दिवस शोक करतो. अटाद म्हणजे एक काटेरी झुडूप. ते खळं कुठलं, हे आजतागायत कुणालाही ठाऊक नाही. काकांचे स्वतःचे वडील वारले तेव्हा काका पार उत्तर टोकाला, डार्विनकडच्या रानात मातीचे नमुने गोळा करत फिरत होते. पावसानं रस्ते बुडालेले, त्यामुळे तार हातात पडली ती महिना उलटून गेल्यावर. आणि त्यांच्यातला नियम असा, की मृत्यूची बातमी महिन्यानंतर कळली तर शोकाचे सात दिवस बसायचं नाही, फक्त एक तास. "डिझेलच्या डब्यावर बसलो तासभर," काका एकदा कांदा चिरता चिरता म्हणाले. "मग उठलो आणि नमुने गाडीत भरले. माझे सात दिवस राहिलेत रे. ही सात दिवसांची रीत जिथून सुरू झाली, तिथेच जाऊन बसणार आहे." जायचं ते एप्रिलमध्ये, तिकडच्या जवाच्या सुगीला. दर वर्षी जायचं ठरायचं, दर वर्षी कुठलंतरी गणित चुकायचं, आणि जागा नक्की झाल्याशिवाय विमानात पाय ठेवायचा नाही, हा त्यांचा हट्ट होता.

खोली देतानाही त्यांनी आम्हाला दारू पिता का, भांडी घासता का, असले प्रश्न विचारले नाहीत. मला विचारलं, "तुमच्या गावात खळं कुठे असतं?" मी सांगलीत फ्लॅटमध्ये वाढलेला. म्हटलं, "शेतात." काकांचा चेहरा पडला. "शेतात ते मलाही कळतं. चढावर की खोलगट जागी? वारा कुठून येतो?" खोली हातची जाते असं बघून मी म्हटलं, "बाबांना विचारतो." माझे बाबा तासगावकडच्या खेड्यात वाढलेले, पोस्टातून निवृत्त झालेले. कॉलिंग कार्ड खरवडून फोन लावला, काकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, आणि कार्ड संपेपर्यंत परत दिला नाही. त्या दिवसापासून दर रविवारी हेच. बाबा मला "जेवलास का? अभ्यास काय म्हणतोय?" एवढं विचारायचे आणि लगेच, "बरं, त्यांना दे." मग खळं गावाच्या उगवतीला का असतं (म्हणजे मावळतीच्या वाऱ्यानं भूस गावात येत नाही), मुरमाड जागा का बघायची, शेणाचं सारवण किती वेळा, मधल्या खांबाला तिवडा म्हणतात, असं सगळं तासन् तास चालायचं. भोवती बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालायचो, असं बाबा एकदा सहज बोलून गेले आणि काका खुर्चीवरून उठलेच. "काट्यांचं कुंपण! अहो, म्हणूनच ते काट्याचं खळं!" जुन्या खळ्याच्या जागेवर आमची ज्वारी कधी गुडघ्याच्या वर आली नाही, हेही बाबांनीच सांगितलं, तेव्हा तर काकांनी त्यांना थेट 'सर' म्हणायला सुरुवात केली. मी या दोघांमध्ये टेलिफोन ऑपरेटर होतो, आणि मला त्यांच्या गप्पांचा थोडा मत्सरही वाटायचा.

काकांची आणखी एक अडचण म्हणजे शनिवार. शब्बाथच्या दिवशी पेन धरायचं नाही, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, आणि काकांना सुचायचं नेमकं शनिवारी. मग ते आम्हा चौघांना बोलावून शोधाचे तुकडे वाटायचे. एकानं वाऱ्याची दिशा लक्षात ठेवायची, दुसऱ्यानं खडक, तिसऱ्यानं ओढा. आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपला, मग आम्ही ओळीनं पाठ म्हणून दाखवायचं. एका शनिवारी पक्याला अचानक पेट्रोल पंपावर शिफ्टला बोलावलं आणि त्याच्या वाटणीची एक अख्खी टेकडी त्या शिफ्टमध्ये गेली ती गेलीच. "आठव रे, उतार कुठल्या बाजूला होता?" काका आठवडाभर त्याच्या मागे होते. पक्यानं शेवटी वैतागून सांगितलं, "दोन्हीकडून, काका." काकांनी तेही तपासून पाहिलं.

पण खरी धमाल आली ती त्यांनी परसात खळं करायचं ठरवलं तेव्हा. क्रेगीबर्नची जमीन दख्खनसारखीच काळ्या पाषाणाची, तर तिकडची चुनखडीची, म्हणून काकांनी ट्रकभर चुनखडी मागवली. सारवायला शेण हवं म्हणून आम्हाला गाडीत घालून एका डेअरी फार्मवर नेलं. फार्मवाल्यानं विचारलं, "वॉट डू यू वॉन्ट इट फॉर, मेट?" काका म्हणाले, "फॉर द फ्लोअर," आणि त्या भल्या माणसानं पुढे एक शब्द न विचारता बादल्या भरून दिल्या. कुंपणासाठी अटादच्या जातीचंच एक झुडूप त्यांनी कुठूनतरी आणून लावलं. ते इथे तण म्हणून बदनाम, लावायला बंदी. कौन्सिलचा माणूस आला, शेतकऱ्याचा मुलगा निघाला, जवाच्या वाणांवर काकांशी तासभर बोलला, चहा प्यायला, आणि जाता जाता झुडपं उपटायला लावून गेला. "गुलाब लावा, त्यालाही काटे असतात," असं सुचवून गेला म्हणून अटादच्या खळ्याला शेवटी गुलाबाचं कुंपण आलं. बैल नव्हते, त्यामुळे जवाची मळणी आम्ही चौघांनी तिवड्याभोवती फिरून केली, आणि काका मागून "हो, हो, चला" करत होते. मग संध्याकाळच्या वाऱ्यावर त्यांनी उपणायला घेतलं आणि सगळं भूस शेजारणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेलं. तिनं कुंपणावरून डोकावून विचारलं, "इज धिस अ युनि थिंग?" पक्या म्हणाला, "येस. प्रॅक्टिकल."

त्या खळ्यावर वारा, भूस आणि बाबांचे अनुभव यांचा मेळ घालून काकांचं गणित अखेर सुटलं. यार्देनच्या खोऱ्यातली एक जागा त्यांनी नक्की केली आणि पुढच्या एप्रिलचं तिकीट खरोखरच काढलं. बॅग भरून दारात ठेवली होती. निघायला दोन दिवस राहिले असताना सकाळी घरून फोन आला. बाबा झोपेतच गेले होते. माझा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याचा, अर्ज आत होता, आणि निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता ब्रिजिंग व्हिसा हातात. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं, आणि परत यायची परवानगी मिळेपर्यंत तिकडे सगळं उरकलं असतं. आई म्हणाली, "येऊ नकोस. दादा आहे सगळं करायला." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात नुसता उभा राहिलो. रडूसुद्धा येईना.

 काका झाडू घेऊन परसात गेले, खळं स्वच्छ झाडलं, दुधाचे दोन क्रेट उलटे टाकले आणि मला हाक मारली. "बस."

"काका, आमच्यात असं बसत नाहीत."

"आमच्यातही कुणी गुलाबांच्या कुंपणात बसत नाही. अटादच्या कथेतला मुलगाही दुसऱ्याच्याच खळ्यावर बसला होता ना? बस."

मी बसलो. काका शेजारी बसले. पक्यानं कॉलेजात शिकलेले सगळे सॉस बाजूला ठेवून पिठलं-भात केला. शेजारीण कॅसरोल घेऊन आली, "सॉरी अबाउट योर डॅड, लव्ह" म्हणाली आणि भूस पडलेल्या कपड्यांचा विषय तिनं काढला नाही. तिसऱ्या दिवशी टॅक्सी दारात येऊन हॉर्न वाजवू लागली.

"काका, तुमचं विमान!"

"खळं काय पळून जातंय?" काका जागचे हलले नाहीत. "बघ, वारा कसा सरळ सुटलाय." थोड्या वेळानं टॅक्सी निघून गेली.

त्या दिवसांत काकांनी मला माझे बाबा सांगितले. राखणीला खळ्यावर झोपताना बाबांना लहानपणी अंधाराची इतकी भीती वाटायची की ते बैलाच्या गळ्यातली घंटा हातात धरून झोपत. एकदा पुस्तक वाचण्याच्या नादात त्यांनी बैलाला अर्धी रास खाऊ दिली आणि आजोबांचा मार खाल्ला. यातलं मला काहीही माहीत नव्हतं. "आणि दर रविवारी फोन ठेवताना विचारायचे," काका म्हणाले, "पोरगं खरंच जेवतंय ना? मी सांगायचो, भरपूर." तेव्हा मला रडू आलं, आणि मग बराच वेळ थांबलं नाही. शनिवारी मात्र काकांनी मला उठवून आत नेलं. शब्बाथला परसात बसायचं नाही, घरात काय दुःख करायचं ते कर, म्हणाले. शेवटच्या दिवशी, शोकातून उठल्यावर घराभोवती एक फेरी मारायची त्यांची रीत आहे, म्हणून आम्ही दोघं ब्लॉकला चक्कर मारून आलो. वळणावर ते थांबले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझेही झाले रे."

त्यानंतर काकांनी कधी तिकीट काढलं नाही. एप्रिल आला की मी विचारायचो, आणि ते जवाचे भाव सांगून विषय बदलायचे. मी नोकरीसाठी सिडनीला आलो, कॅसल हिलला घर घेतलं. काका गेले तेव्हा मेलबर्नला जाऊन त्यांच्या कबरीत मूठभर माती मीही टाकली, आणि टाकण्याआधी चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिली. मला काही कळलं नाही. घर विकलं गेलं, नव्या लोकांनी गुलाब काढून परसात हिरवळ अंथरली, असं पक्याकडून कळलं.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मुलीच्या फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडून मी तो पत्ता शोधला. छप्पर दिसलं, शेजारणीची कपड्यांची दोरी दिसली, आणि परसातल्या हिरवळीच्या मधोमध एक पिवळं, खुजं, नीट गोल वर्तुळ. मी ओरडलोच, "सापडलं!" मुलीनं वाकून बघितलं. "डॅड, दॅट्स जस्ट वेअर अ ट्रॅम्पोलिन वॉज."

असेलही. मी मोठं करून सावली शोधली, सावली नव्हती. रविवार होता आणि त्या वर्तुळाबद्दल फोन करून सांगावं अशी माझ्याकडे दोनच माणसं होती.