आपटायला आपली जमीन

ये गं, अशी जवळ ये. कागदातून का व्हईना, पण बस जरा माझ्याशेजारी. फोनवर तुझं नेहमीचंच, "आज्जी, प्रॅक्टिसला चाललेय, मग बोलते." तुझा तो 'मग' कुठल्या वारी उगवतो गं? दोन दिवाळ्या झाल्या, नातीनं आज्जीचा उंबरा ओलांडला नाय. निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मी जन्मले, असं माय सांगायची. शाळा काय पाहिली नाय. अक्षरं उचलली ती पोरांच्या पाट्यांवरून. म्हणून बोलते तसंच लिहिते. बाकीच्यांनी वाचलं तर वाचू दे.

तू दहावीत होतीस. शाळेतल्या सरांनी तुला वजन उचलायला शिकवलं होतं. मग सरांची बदली झाली आणि शाळेमागच्या खोलीला कुलूप लागलं. खेळाच्या होस्टेलची निवड चाचणी तीन महिन्यांवर आलेली. तू अर्ध्या ताटावरून उठायला लागलीस. तुझा बाप चितेगावच्या कंपनीत पाळ्या करायचा, त्याला सवड नाय. मीच म्हणाले, "चल, औरंगाबादेत जिमचा काय दुष्काळ पडलाय व्हय?"

पडेगावातून रिक्षानं निघालो. पहिलं जिम उस्मानपुऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर. चारी भिंतींना आरसे, जिकडं बघावं तिकडं माझंच नऊवारी. मालक लई अदबीनं म्हणाला, "मावशी, गुडघ्यासाठी आलात का?"

"माझे गुडघे राहू दे बाबा. हिला एका दमात वजन डोक्यावर घ्यायचंय, आणि वरून सोडायचंय."

"सोडायचंय? मावशी, खाली दाताचा दवाखाना आहे. कुणाच्या तोंडात मशीन असलं म्हंजे?"

तू जिन्यात हसत सुटलीस. मला नाय हसू आलं. मला तोवर वाटायचं, लोखंड ते लोखंड. तू रिक्षात समजावलंस की एवढं जड वजन डोक्यावरून हळू खाली ठेवता येत नाय, टाकावंच लागतं. म्हणून खाली जमीन दमदार पाहिजे, वजनाच्या चकत्या रबरी पाहिजेत, आणि दांड्याची टोकं गरागरा फिरली पाहिजेत, नायतर मनगट पिळतं. मग काय, बाजारात शेळीचे दात बघावेत तशी मी जिमात शिरले की आधी दांड्याचं टोक फिरवायची. सिडकोत जिम जमिनीलगत होतं, पण दांडा ठोकळ्यासारखा घट्ट. मुकुंदवाडीत दांडा फिरत होता, तर गुळगुळीत फरशी आणि भिंतीवर पाटी, 'वजन आपटू नये'. आठ दिवस आपण हिंडलो. शेवटी तू पाट्याच वाचायची आणि दारातूनच मागं फिरायची.

रोशन गेटकडं एक म्हातारे उस्ताद भेटले. त्यांची व्यायामशाळा म्हणजे पत्र्याचं शेड, शेजारी दाट वस्ती. त्यांनी तुला रिकामा दांडा उचलायला लावला, बराच वेळ तुझे पाय बघितले आणि मला म्हणाले, "अम्मा, बच्ची के पैरां अच्छे हैं. मगर पटकने कू जमीन अपनी होना."

कोपऱ्यात त्यांचा जुना दांडा पडला होता, रबरी चकत्यांसकट. मी टोक फिरवलं. फिरलं! म्हातारा हसला. "ले जाओ. यहाँ पड़े पड़े जंग खा रा."

घरी आले तर समोर रिकामा गोठा. म्हशी त्याच साली गेल्या होत्या. आपली जमीन म्हणजे दुसरी कुठली? तुझ्या बापानं दोन रविवार मुरूम ठोकला, वर बाभळीच्या फळ्या, दोन्ही अंगांना कंपनीतल्या भंगारातला जाड रबरी पट्टा. पहिल्यांदा तू वजन टाकलंस तेव्हा माझी फळीवरची भांडी किणकिणली, आणि शेजारीण पळत आली, "काय पडलं वं माय?"

आता एक गोष्ट, जी तू विसरली असशील. आमच्यात कुणी बाई सरपणाच्या मोळीला वाकली की वाटंनं जाणाऱ्यानं हात लावायचा. वळख असो-नसो. चढवायला तसा उतरवायलाबी. एका दिवशी गोठ्यात तुझे हात वर ताठ, गुडघे थरथरतायत, तोंड लालबुंद. माझ्यानं राहवलं नाय. मी धावले, दांड्याला हात लावला.

"आज्जी, मागं सर!"

वजन पडलं ते माझ्या पावलापासून वीतभरावर. तू रडतच ओरडलीस, "मरायचंय का तुला?" मीबी फुगून बसले. म्हणलं, जन्मभर लोकांच्या ओझ्याला हात लावला, मागं सर म्हणणारी तूच पहिली. संध्याकाळी तू माझ्या मांडीवर डोकं टेकलंस आणि हळूच म्हणालीस, "तिथं चाचणीत कुणी हात लावला तर माझं उचललेलं धरत नाहीत, आज्जी."

तवापासून मी गव्हाणीच्या कट्ट्यावर बसायची, दोन्ही हात पदराखाली दाबून. ते मोळी उचलण्यापरीस अवघड गेलं मला.

तू निवडली गेलीस. लांबच्या होस्टेलला निघालीस त्या दिवशी बॅग चांगलीच जड होती. माझा हात पुढं झाला होता, मी मागं घेतला. तू एकटीनं उचललीस. गेलीस.

आता तुझा बाप म्हणतो, गोठा मोकळाच पडलाय, तिथं दोन खोल्या काढू. त्याचं काय चुकीचं नाय. मी म्हणाले, पोरगी एकदा येऊन जाऊ दे, मग फळ्या काढ. दांड्याला शिलाई मशीनचं तेल घालते, टोक फिरवून बघते. फिरतंय अजून. चारचा चहा हातात घेतला की उगंच थांबते, आता भांडी वाजतील म्हणून. वाजत नायत. शेजारीणबी काय पडलं म्हणून विचारायला येत नाय.

तर ये बाई. फळ्या निघायच्या आत ये. उस्तादांच्या दांड्यानं एकदाच वजन डोक्यावर घे आणि जोरात टाक. मी कट्ट्यावर बसून राहीन, हात पदराखाली. लावणार नाय, तुझी शपथ. पण लवकर ये.