बुधवारच्या वर्गाचं दार

दार आतून का लावलं होतं? दुपारपासून हा एकच प्रश्न माझ्या डोक्यातून हलत नाही. माझी मुलगी अपोलीन तिच्या खोलीत झोपली आहे, किंवा झोपल्याचं सोंग करते आहे. तिचा बाप ट्रक घेऊन स्पेनच्या वाटेवर आहे. आणि मी स्वयंपाकघरात बसून एका म्हाताऱ्या माणसाबद्दल मला जे माहीत आहे ते लिहून काढते आहे. लिहिल्यावर तरी कळेल की मला नक्की कसली भीती वाटते आहे.

एमिलियां शास्तां. आमच्या गावात त्यांना ओळखत नाही असं कुणी नाही, आणि त्यांच्याबद्दल खात्रीनं काही सांगेल असंही कुणी नाही. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला ते गावच्या बातम्या पाठवायचे. कुणाच्या गायीला प्रदर्शनात बक्षीस मिळालं, अग्निशमनवाल्यांच्या मेजवानीत कोण नाचलं, पुलावरून कुणाची गाडी घसरली. जुन्या मोपेडवरून फिरायचे. रविवारी चर्च सुटताना बाहेर उभे, सोमवारी कॅफेच्या कोपऱ्यात. माझ्या आईनं त्यांना कधी घरात घेतलं नाही. "त्याच्यासमोर खोकलं तरी छापून येतं," म्हणायची.

मग युगेतचं प्रकरण झालं. युगेत शाळेत मुलांचा स्वयंपाक करायची. एकदा तिथलं मांस गायब झालं आणि कॅफेत कुजबुज सुरू झाली. शास्तांनी बातमी दिली. "स्वयंपाकिणीनं मांस नेलं" असं त्यांनी लिहिलं नाही. आमच्या फ्रेंच भाषेत अशा वेळेसाठी एक अख्खा काळच आहे. क्रियापदाआधी 'ओरे' लावलं की झालं: नेलं असं मी म्हणत नाही, नेलं म्हणे. कोर्ट त्या शब्दाला धरू शकत नाही. पण गाव काही व्याकरण वाचत नाही. गावानं "नेलं" एवढंच वाचलं. पुढे कळलं की फ्रीज बिघडून मांस नासलं होतं आणि मुख्याध्यापकांनीच ते फेकायला लावलं होतं. शोकसूचनांच्या खाली दोन ओळींची दुरुस्ती छापून आली. ती वाचायला युगेत इथे नव्हती, बहिणीकडे बोर्दोला निघून गेली होती. त्यानंतर शास्तांनी बातम्या पाठवणं सोडलं. पश्चात्तापानं, असं काही म्हणतात. वर्तमानपत्रानं काढून टाकलं, असं बाकीचे म्हणतात.

बायको गेल्यावर ते पुन्हा माणसांत दिसायला लागले. दहावीच्या आधीच्या परीक्षेला फ्रेंचमध्ये कच्ची असलेली पोरं ते बुधवारी दुपारी शिकवतात. नगरपालिकेनं त्यांना बाजाराच्या मंडपावरची खोली दिली आहे. फी घेत नाहीत. फी न घेणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं, असं आज वाटतं. तेव्हा मी खूश झाले होते.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा निराळी. स्वतःच्या झाडाचे अक्रोड टोपलीत भरून आणतात. प्रत्येक पोरापुढे एक फळी आणि लहान लाकडी हातोडी. वाक्य बरोबर आलं तर अक्रोड फोडायचा, चुकलं तर परत टोपलीत. आणि शिकवतात काय, तर घोळून घोळून तोच एक 'ओरे'चा काळ, कारण 'म्हणे'सारखंच, घडू शकलं असतं पण घडलं नाही तेही त्याच काळात सांगतात. आधी मदतीचं क्रियापद निवडा, मग मुख्य क्रियापदाचं झालेलं रूप जोडा. जाणं, येणं, पडणं, मरणं यांना 'ओरे' चालत नाही, 'सरे' लागतं. पोरं हमखास चुकतात ती 'जर'पाशी. 'जर' आणि 'तर' दोन्हीकडे 'ओरे' ठोकून देतात. "'जर'च्या घरात ओरेला प्रवेश नाही!" शास्तां ओरडतात, आणि चुकलेल्या पोराला थट्टेनं 'मस्यो', म्हणजे साहेब, म्हणतात. "पायरीवर उभा करा त्याला! आणि मस्यो व्हियाल, तू असाच लिहीत राहिलास तर परीक्षक अक्रोडाऐवजी तुझंच डोकं फोडेल."

आणखी एक नियम. हळहळ सांगायला हा काळ हवा तितका वापरा. पण दुसऱ्यानं काही केलं म्हणे असं सांगायचं असेल, तर कोण म्हणतं तेही सांगायचं. नाहीतर अक्रोड नाही. अपोलीननं तो नियम घरी आणला. जेवताना मी म्हणाले, "न्हाव्याचं दुकान म्हणे बंद होणार." लगेच काटा खाली ठेवून बाईसाहेब विचारतात, "कोण म्हणतं, ममाँ?" तेव्हा मला हसू आलं होतं.

हसू गेलं ते त्यांचा तिसरा नियम कळल्यावर. वाक्य पुस्तकातलं चालत नाही, घरचं लागतं. बाबांनी शेत विकलं नसतं तर. आजीला आश्रमात ठेवलं नसतं तर. म्हणजे दर बुधवारी गावातली पोरं एका जुन्या बातमीदारासमोर आपापल्या घराचं दार उघडतात, आणि तो मान डोलावतो आणि अक्रोड देतो. त्याला हे कशाला ऐकायचं असतं? छापायला वर्तमानपत्र राहिलं नाही. मग हे सगळं जातं कुठे?

शनिवारी बाजारात चीजवाल्या जोझियाननं मला थांबवलं.

"काय गं सोलांज, तुझी पोरगी भारीच अभ्यासू निघाली!"

"म्हणजे?"

"बाकीची कार्टी धडाधड जिना उतरून जातात. तुझी वरच. आणि आतून कडी म्हणे."

"कोण म्हणतं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"अगं बाई, तूही जातेस का त्याच्या वर्गाला? मी म्हणते! बुधवारी खाली मीच तर पेट्या उचलत असते. कडीचा आवाज ऐकलाय या कानांनी." तिनं चीजचा तुकडा कागदात गुंडाळला. "मी काही म्हणत नाही हं. मी आपली चीज विकते. पण माझी पोर असती तर…"

आणि ती पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली.

आज मी कामावरून, चष्म्याच्या दुकानातून, लवकर निघाले. मुलं गेल्यावर जिना चढले. दार बंद. मी मूठ फिरवली, उघडलं नाही. आतून अपोलीनचा आवाज येत होता, अगदी हळू. हातोडीचा आवाज नव्हता. मी दार ठोठावलं आणि तो आवाज तिथेच तुटला.

"जरा थांबा," शास्तां म्हणाले. आणि थांबायला लावलं. एक खुर्ची सरकली. कुणीतरी नाक शिंकरलं. मग कडी निघाली.

ते अंगात कोट घालून उभे होते. फळीवर सगळे अक्रोड आख्खे. अपोलीनचे डोळे लाल.

"दार का लावलंत?"

"उघडं ठेवलं की जिन्यातून सगळं खाली ऐकू जातं, मादाम."

"सगळं म्हणजे काय?"

त्यांनी अपोलीनकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नाही अशी. "ते तिला विचारा," ते म्हणाले. "ते माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही."

"चौदा वर्षांची आहे ती. मी तिची आई आहे!"

"म्हणूनच तिला विचारा म्हणतोय."

घराच्या दारात पोचल्यावर अपोलीन म्हणाली, "जोझियानचं ऐकून आलीस ना? कडी मी लावली. मी. झालं समाधान?" आणि खोलीत गेली. मी दाराबाहेर उभी राहून विचारलं, गोडीनं, रागानं, पुन्हा गोडीनं. "माझं मी बघते," एवढंच.

कडी तिनं लावली असेल. पण मुलं मोठ्यांना पाठीशी घालतात, हे मलाही कळतं. आणि तसं घालायला कुणी शिकवतंही.

संध्याकाळी मादाम व्हियालचा फोन आला. वर्गातल्या त्या व्हियालची आई, पालक समितीच्या अध्यक्ष. त्यांना सगळं आधीच कळलं होतं.

"नगरपालिका नऊला उघडते. फोन तू कर, आई तू आहेस. खोली काढून घेतील. आम्ही पाठीशी आहोतच."

"सांगू काय?"

"पाहिलंस ते."

"मी एक बंद दार पाहिलं."

"मग पुरे की! एकटा म्हातारा, कडी, रडणारी पोरगी. काहीतरी घडलं म्हणे, एवढंच म्हण. तसं म्हटलं की तुझ्यावर काही येत नाही."

माझ्यावर येणार नाही, ते खरं. त्यांच्यावर येईल. खोली जाईल, मग पोरं जातील, मग बेकरीत कुणी नमस्कार करणार नाही, आणि खरं काय ते कळलं तरी कुणी ते वाचणार नाही. पण मी गप्प राहिले आणि उद्या काही निघालं, तर? मग जन्मभर माझ्या तोंडी तेच: बोलायला हवं होतं, बोलले असते तर. इतक्या वेळात मी नगरपालिकेला सांगायचं वाक्य किती तऱ्हांनी लिहून पाहिलं. दर वेळी ते 'ओरे'नंच सुरू होतं. साध्या भूतकाळात, त्यांनी अमुक केलं, असं लिहायला माझ्याकडे काहीच नाही.

मला त्यांच्यावर विश्वास नाही. हे लिहूनही तो आलेला नाही. पण एक गोष्ट लिहिता लिहिता दिसली. अपोलीननं काय सांगितलं, ते त्यांच्या तोंडून येणार नाही. ठीक, ते तिचं आहे. पण खुर्ची का सरकली, दार उघडायला वेळ का लागला, वर्गानंतर मुलीला थांब असं कोण म्हणालं, आणि ती पहिल्यांदा थांबली तेव्हाच मला का कळवलं नाही, हे तिचं नाही. हे त्यांचं स्वतःचं आहे. ते सांगायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणून नऊची वाट बघणार नाही. आठला मस्यो शास्तांनाच फोन करणार. दुपारी अपोलीन जेवायला घरी येते तेव्हा या म्हणणार, माझ्या स्वयंपाकघरात, तिच्यासमोर. जेवायला नाही. कॉफी मिळेल. आले नाहीत, तर नगरपालिकेचा नंबर माझ्याकडे आहेच.