कोठीतले ग्लव्ह

कोचच्या रविवारच्या सदऱ्याची एक बाही इस्त्री करून झाली होती, दुसरी व्हायची होती, तेवढ्यात जोलीन स्टॅनहोपचा फोन आला.

"आमचा तो लहान ग्लव्ह तुमच्याकडे आहे ना? ब्रेडीला हवाय."

फोन कानाशी धरूनच मी इस्त्री उभी करून ठेवली आणि कोठीचं दार उघडलं. फळीवर तो एकच उरला होता.

कोच म्हणजे माझे यजमान, लाइल ब्रँडनबर्ग. सगळं गाव त्यांना कोच म्हणतं, तशी मीही म्हणते. शाळेत इतिहास शिकवतात आणि मुलांना बेसबॉल. खेळ वसंतातला, पण त्यांचं खरं काम हिवाळ्यात. वसंतात मुलं खेळतात आणि हे कुंपणाला टेकून सूर्यफुलाच्या बिया चघळत उभे असतात.

हंगाम नसताना काही आठवडे प्रशिक्षकानं मुलांना शिकवायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. नजरेआड पोरं काय करतील याचा भरवसा नाही, म्हणून कोचनी एक रीत पाडली. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आदल्या रविवारी, चर्च सुटल्यावर, संघातल्या प्रत्येक पिचरनं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यानं, आपला ग्लव्ह आमच्या घरी आणून द्यायचा. मी त्याला तेल लावते, मध्ये चेंडू ठेवून दोरीनं आवळते आणि लोणच्याच्या बरण्यांच्या वरच्या फळीवर ठेवून देते. ग्लव्ह कोठीत आहे तोवर फेकणं बंद. वर्षभर चेंडू फेकून शिणलेल्या कोपराला तेवढीच उसंत. त्या दिवसांत पोरांनी फावडी घेऊन चर्चमधल्या एकट्या म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ उपसायचा.

"चेंडू हातानं फेकतात असं वाटतं का रे तुम्हाला, गाढवांनो?" कोच त्यांना म्हणायचे. "पायानं फेकतात. उपसा!"

आणि ग्लव्ह देऊन निघताना पोरं दारातून ओरडायची, "मिसेस बी, आमच्या कैद्याला पोटभर जेवायला घाला हं!" सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचा तो कोल्टर स्टॅनहोप, जोलीनचा थोरला.

या वेळी कोल्टर ओरडला नाही. ग्लव्ह टेबलावर ठेवला, मी दिलेलं केकचं ताटही न घेता गेला. शाळेतलं त्याचं शेवटचं वर्ष. एका कॉलेजनं संघात घ्यायला जवळजवळ होकार दिला होता. त्याच्यासारखा हात गावात कुणाचाच नव्हता. कोचनी तो सातवीपासून सांभाळला होता, अंडी सांभाळावीत तसा.

रात्रीच्या जेवणाआधी कोचनी सहज तो ग्लव्ह हातात घातला. बोटं अर्ध्यावरच अडली. तो कोल्टरचा नव्हताच. धाकट्या ब्रेडीचा होता.

"म्हणजे स्वतःचा ठेवून घेऊन कोल्टर फेकतोय," कोच म्हणाले. जेवण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते कोल्टरच्या बापाच्या, रस स्टॅनहोपच्या, धान्याच्या दुकानात गेले. पाखरांसाठी दाणे घ्यायचे म्हणून मीही बरोबर होते. रस पोत्यावर रेलून बसला होता, आणखी दोघंतिघं कॉफी पीत होते.

"रस, पोराला थांबव. आत्ता नको."

"कोच, शहरातल्या अकादमीत पैसे भरलेत मी. तिथं मशीन आहे, प्रत्येक चेंडूचा वेग सांगतं. तुमच्याकडे काय आहे? फावडं!" कॉफीवाले हसले. "कॉलेजवाले काय बर्फ बघायला येणारेत?"

"त्याचं कोपर मला माहीत आहे."

"आणि पोरगा माझा आहे."

 दाणे न घेताच आम्ही परतलो. कोल्टरला कोचनी शाळेच्या पडवीत गाठलं, तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "कोच, डॅड ऐकत नाहीत. मी काय करू?" 

जानेवारीत कॉलेजचा माणूस अकादमीत बघायला येणार होता. त्याच्यासमोर वेग वाढवताना कोल्टरच्या कोपरातून ताडकन आवाज आला म्हणे. आतला, हाडं जोडणारा अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली. हा हंगाम गेला, आणि कॉलेजनं कळवलं की तूर्तास विचार नाही.

मला वाटलं होतं, आता तरी रस येईल, दोन शब्द बोलेल. तो बोलला, पण गावभर. म्हणाला, इतकी वर्षं दर हिवाळ्यात कोचनी हात बांधून ठेवला, म्हणून तो कच्चा राहिला, जोर सोसला नाही. आणि लोकांना ते पटलं. एकेक आई आली, दारातच उभी राहिली. "तुमच्याबद्दल काही नाही हो, पण याचे बाबा म्हणतात..." मी दोऱ्या सोडून एकेक ग्लव्ह देत गेले. कुणी नजरेला नजर दिली नाही. बर्फ पडला की या वर्षी एकट्या राहणाऱ्या मिसेस ओल्डफादरच्या दारात कोच एकटेच उपसतात. मी खिडकीतून बघते आणि प्रार्थनेला बसते, पण काय मागावं ते सुचत नाही.

जोलीनला मी फोनवर विचारलं, "ब्रेडीला आत्ता कशाला? अजून जमीन गोठलेली आहे."

 "अकादमीचे पैसे परत मिळत नाहीत. कोल्टरच्या जागी शनिवारपासून ब्रेडी जाणारे. रस म्हणतो, लवकर सुरू केलं की हात पक्का होतो."

ब्रेडी बारा वर्षांचा आहे.

मी कोचना सांगितलं. ते स्वयंपाकघरात आले, ग्लव्ह घेतला, खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता फोन उचलतील, ओरडतील. निदान गाडी काढतील.

"काही बोलणार नाही का?"

"कोणाला?"

"रसला. जोलीनला. त्या पोराला तरी!"

"थोरल्याच्या वेळी बोललो की." त्यांनी फडक्यावर तेल घेतलं आणि चामड्याला चोळू लागले, बोटांच्या फटीतून, शिवणीशिवणीतून. "दे त्याचं त्याला. दुसऱ्याची वस्तू आहे."

"आणि शाळेच्या मैदानाच्या किल्ल्या?" शाळेला परत द्यायच्या की नाही हे न ठरवता कालपासून त्या त्यांच्या ताटाशेजारी पडल्या होत्या.

 त्यांनी ग्लव्हची मूठ मिटून बघितली, उघडून बघितली. दोरी बांधली नाही.

मी दुसऱ्या बाहीची इस्त्री पुरी केली. मग जेवलो. पूर्वी कोच म्हणायचे ती मेजावरची प्रार्थना आजही मीच म्हटली.

उद्या सकाळी स्टॅनहोपांकडे ब्रेडीचा ग्लव्ह पोचवायचा आहे.