मशीनला पाणी दिसेना

हे मी सांगायला नको. "ऑफिसातलं ऑफिसात," असं बाबांनी बजावलंय. पण सुट्टीत रोज डबा घेऊन कालव्यावर जायचं, गप्प बसायचं आणि काहीच लक्षात ठेवायचं नाही, हे कसं जमणार? किस्से साठतातच!

लोहा रस्त्याजवळच्या कालव्यावर तिघं पाणी मोजतात. माझे बाबा, वाघमारे मॅडम आणि अप्पा. मॅडमची ही पहिलीच नोकरी. अप्पा तीस वर्षं भिंतीवरची मोजपट्टी वाचतात. यंदा दुष्काळ, कालव्याला एकच पाणीपाळी, म्हणजे धरणातून पाणी एकदाच सुटणार, म्हणून थेंब न् थेंब मोजायला नवीन मशीन आलं. ते पाण्यात आवाज सोडतं आणि परत आलेल्या आवाजावरून पाण्याचा वेग सांगतं.

पहिल्याच दिवशी अप्पांनी पाण्याला कान लावला. "काहीच ऐकू येत न्हाई की!"

"माणसाला नाही येत तो ऐकू, अप्पा," मॅडम म्हणाल्या.

अप्पांनी लगेच धुणं धुणाऱ्या बायकांना दटावलं, "बायांनो, धोपटू नका! मशीन बोलून राहिलीय!"

एक बाई म्हणाली, "बोलू द्या की. आम्ही काय तिच्या मधी बोलून राहिलो का?"

*

नवा जिल्हा होणार अशी चर्चा आहे. तिकडच्या ऑफिसला माणसं लागतील. साहेब सांगून गेले, "तपासणीत मशीन नीट चाललं, तर इथं पट्टी वाचायला माणूस कशाला? अप्पा तिकडं जातील."

अप्पांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, दिसत नाही. अप्पा दुपारी सायकलवर घरी जातात, ताटात भाजी कुठं, भाकरी कुठं ते काकूंना सांगतात, आणि मगच स्वतः जेवतात.

"लांब हाय का लई?" एवढंच अप्पांनी विचारलं. बाबा डब्याचं झाकण लावत बसले. ते बसतच नव्हतं.

*

सेटिंगच्या वेळी कालव्याची रुंदी टाकायची होती. बाबांनी मोजली फुटात, मशीनला हवी मीटरमध्ये! स्क्रीनवर आकडा आला आणि बाबा उभेच राहिले. "मॅडम, हा तर गोदावरीचा पूर!"

अप्पा म्हणाले, "एवढं पाणी असतं तर आपल्याला हितं मोजायला कुणी बसवलं असतं व्हय?"

*

एका दुपारी वेग उणे आला. म्हणजे पाणी उलटं धरणाकडं निघालं! धावत जाऊन पाहिलं, तर सेन्सरसमोर म्हैस डुंबत होती. मॅडमनी अहवालात कारण प्रामाणिकपणे लिहिलं, 'म्हैस'.

साहेबांचा फोन. "सरकारी कागदावर म्हैस?"

मॅडम घाबरल्या. "चुकलं सर. दोन होत्या."

बाबा त्या दिवशी फार खूश होते. मशीन चुकलं की ते असेच खूश होतात.

*

तपासणीच्या दिवशी साहेब आले, आणि स्क्रीन कोरी! सुरुवातीचं गढूळ पाणी वाहून गेलं होतं, आणि आता येणारं, बराच काळ धरणात थांबलेलं पाणी काचेसारखं नितळ होतं. मॅडम हळू आवाजात सांगत होत्या, "सर, आवाज पाण्यातल्या मातीच्या कणांवर आपटून परत येतो. कणच नाहीत, तर..."

"म्हणजे तुम्हाला सेटिंग येत नाही," साहेब म्हणाले.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. आम्हा दोघांना वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

अप्पा उठले. "आलोच."

मी बसले होते फक्त तिथूनच कालव्याचं वरच्या अंगाचं वळण दिसतं. अप्पांनी धोतर वर खोचलं, पाण्यात उतरले आणि वाकून दोन्ही हातांनी तळाचा गाळ ढवळू लागले. ढवळतच राहिले.

जरा वेळानं स्क्रीनवर आकडे आले.

"जमलं की!" साहेब म्हणाले.

अप्पा परत आले ते थेट सायकलपाशी. "बारा वाजले. तिला वाढायचंय."

मॅडम हसत त्यांच्यामागं ओरडल्या, "अप्पा, आकडा आला! तुमच्या पट्टीशी जुळला!"

अप्पांनी मागं न बघता हात वर केला. कोपरापर्यंत गाळ होता. मॅडमचं हसू थांबलं. त्या सायकलच्या मागं पळत सुटल्या, आणि अप्पांना गाठून...

थांबा, आई हाक मारतेय. आले गं आई, आले!