समुद्रातल्या मरळीचा वाटा

माझ्या बाचा जगात दोघांवरच विश्वास होता: स्वतःवर आणि स्वतःच्या जाळ्यावर. त्यातही जाळं तो रोज तपासून बघे.

आमचं मासे धरणाऱ्या ढिवरांचं गाव, तळ्याच्या काठचं. चौथीत गेले तरी मी चांदा शहर पाहिलं नव्हतं. त्या वर्षी गुरुजींनी सहल ठरवली. सरकारी सिनेमाची मोटार गावात येणार होती, ती सकाळी परतताना आम्हा आठ पोरांना चांद्याला आगगाडी दाखवायला नेणार होती. मी पंधरा दिवस हवेतच होते. बा एवढंच म्हणाला, की फुकट नेणारा माणूस आधी नीट पाहून घेऊ.

दिवेलागणीला शाळेपुढे पडदा लागला. सिनेमा होता समुद्रातल्या मासेमारीचा! एवढं पाणी बघून माय पदर सावरून मागे सरकली. पडद्यावर जाळं ओढलं, मासळीचा हा एवढा ढीग पडला आणि सिनेमा संपला. गुरुजींनी एकट्यांनीच टाळ्या वाजवल्या. बाकी सारं गाव पळसाची पानं घेऊन मोटारीपुढे ओळीनं बसलं.

आमच्यात रीतच तशी. जाळं ओढताना काठावर जो हजर, त्याला वाटा. मग तो पाहुणा असो की वैरी. इथं तर अख्खं गाव हजर होतं! मोटारवाल्यानं हात जोडून सांगितलं, की ही नुसती चित्रं आहेत. बानं मोटारीखाली वाकून पाहिलं, पेट्या हुंगल्या. मासळीचा वास कुठंच आला नाही, तसा त्याचा संशय दुप्पट झाला (एवढी मासळी आणि वास नाही, म्हणजे माणूस पोचलेला!). गाव कुरकुरत घरी गेलं, बा मात्र मोटारीपुढे ठाण मांडून बसला.

"जो वाटा लपवते, तो लेकरूबी लपवन," तो म्हणाला. "पोरगी नाई येत."

माझं तर धाबंच दणाणलं. मी घरी पळाले. माठातल्या पाण्यात मायनं आमच्या तळ्यातली एक जिवंत मरळ ठेवली होती (मरळ गोड्या पाण्यातली, समुद्रात ती कुठली!). ती फडक्यात गुंडाळली आणि मोटारीमागून जाऊन मोटारवाल्याच्या हाती दिली. म्हटलं, भाऊ, हा वाटा म्हणून माह्या बाले द्या, अन् मले चांद्याले न्या. त्या बिचाऱ्यानं गुमान ती पानावर ठेवून बापुढे केली.

बानं मरळ उलटी केली, सुलटी केली, कल्ले उघडून पाहिले. ओळखली असती तर सहलही गेली असती आणि माझी पाठही. पण त्याचा चेहरा उजळला. माणूस इमानी निघाला, असं त्यानं मायला जाहीर सांगितलं.

सकाळी मी भाकरी बांधून तयार. माय रिकाम्या माठात हात फिरवत मांजरीचा उद्धार करत होती. आणि दारात बा आडवा!

"आता काऊन बा? माणूस इमानी हाये ना?"

"माणूस इमानी हाये व. पण समुद्रातबी आपलीच मरळ निघते, तं चांद्यात का निराळं असन? जग पाहून झालं आपलं. बस, जेव."

मोटार सात पोरं घेऊन गेली. मायनं समुद्रातली मरळ वाढली, आणि माझ्या वाट्याचं सगळं जग मी त्या दिवशी काटे काढत, रडत रडत खाल्लं. दोनदा मागून!