एका डावखुऱ्या गोगलगाईबद्दल दुरुस्ती

अब्बासभाई गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. त्यांची मुलगी नसीम फोनवर म्हणाली, "अब्बांच्या वहीत तुमचा नंबर होता, म्हणून कळवतेय." दफन कधीच होऊन गेलं होतं. मी रविवार पेठेत गेले तेव्हा त्यांच्या बटणांच्या दुकानाचं शटर खाली होतं आणि शेजारचा लेसवाला गिऱ्हाइकांना दुसरीकडे पाठवत होता. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो... चूक माझी होती. ते गेल्याला आता सहा आठवडे झाले.

त्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती कुडत्याची बटणं घ्यायला. प्रत्येक खोक्याच्या तोंडावर आतल्या मालाचा एक नमुना शिवलेला असे. सगळ्यात वरच्या रांगेत मात्र बटणांऐवजी ज्वारीच्या दाण्याएवढे शंख चिकटवलेले होते. मी त्यातलंच एक मागितलं. "ते विकाऊ नाही," अब्बासभाई म्हणाले, "आणि त्याला भोकंही नाहीत. दोरा कुठून घालणार?" मग गिऱ्हाईक नसल्यामुळे, की मी हलत नव्हते म्हणून, त्यांनी खोकी खाली काढली. प्रत्येक खोकं म्हणजे पुण्याच्या भोवतालचा एक डोंगर. आत त्या डोंगरावरच्या गोगलगाईंचे रिकामे शंख. जिवंत गोगलगाय त्यांनी कधी घरी आणली नाही.

पुढची चार वर्षं, दुकान बंद असेल त्या दिवशी, आम्ही खडकवासल्याच्या मागच्या डोंगरांवर जात असू. ते पिठाच्या चाळणीतून पालापाचोळा चाळायचे आणि मी जुन्या पांढऱ्या चादरीवर पडलेला चुरा बघायची. मी चळवळीची पत्रकं काढणाऱ्या घरात वाढलेली. प्रत्येक गोष्टीत कोण कुणाला लुटतंय ते आधी शोधणारी. ते मला 'संपादकबाई' म्हणायचे, आणि ते कौतुक नव्हतं. चाळता चाळता सांगायचे, की लाखो वर्षांपूर्वी हवा कोरडी होत गेली, जंगल आक्रसलं, ओल फक्त डोंगरांवर राहिली. मधलं रखरखीत माळरान गोगलगाईला समुद्रासारखं. इकडची तिकडे जाईना. मग प्रत्येक डोंगरावरची आपापल्या परीनं बदलत गेली, वेगळी जात झाली. "हवेनंच घडवलं हे सगळं," ते म्हणायचे, "पण तेव्हा हवेला घाई नव्हती." आता उन्हाळे लांबतात, अवेळी पाऊस येतो. शंखाच्या तोंडावर पडदा ओढून झोपलेली गोगलगाय त्या पावसानं जागी होते, बाहेर येते, आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात वाळते. असे ताजे, वाळलेले जीव मी त्या चादरीवर पाहिलेत. आणि तरी, याला हवाच जबाबदार का, असं विचारलं की ते वणवे मोजायचे, रस्ते मोजायचे, आणि शेवटी म्हणायचे, "मला माहीत नाही." त्या उत्तराची मला चीड यायची.

त्यात एक होती डावखुरी. बहुतेक शंख उजवीकडे वळतात, हिचा डावीकडे. आम्हाला ती एकाच उतारावर सापडली होती, आणि नंतर तीन पावसाळे दिसली नव्हती. त्याच उतारावर प्लॉट पाडायचं ठरलं तेव्हा मी पत्रक काढलं. तापलेल्या हवेनं पुण्याच्या डावखुऱ्या गोगलगाईचा बळी घेतला, ती नामशेष झाली, आता उरलेल्या जातींवर बुलडोझर घालणार का, असं मोठ्या अक्षरांत. खाली आधार म्हणून अब्बासभाईंचं नाव. त्यांना न विचारता.

गावच्या सभेत जमीन विकणाऱ्यांपैकी एकजण उठला आणि त्यानं काडेपेटी उघडली. "मेली म्हनता? मग ही काय हाय?" मंडप हसला. बटणवाल्याला कुणीतरी चष्म्याचा नंबर विचारला. अब्बासभाई मात्र शांतपणे पुढे गेले, काडेपेटी हातात घेतली, डोळ्याजवळ नेली, आणि त्यांचा चेहरा उजळला. "जिवंत आहे की हो," ते म्हणाले. आमची बाजू तिथेच बुडाली होती आणि हा माणूस आनंदात होता... बाहेर आल्यावर मला म्हणाले, "चार तास शोधलं, मिळाली नाही, एवढंच मी वहीत लिहिलं होतं. चार तासांचं वाक्य तुम्ही कायमचं करून टाकलंत. दुरुस्ती छापा." मी म्हणाले, तुमच्या 'मिळाली नाही'नं एक माणूस रस्त्यावर येणार नाही. ते काडेपेटी घेऊन एकटेच डोंगर चढायला लागले, तिला तिच्या जागी सोडायला.

प्लॉट पडले. माझ्या पत्रकाचा हवाला देऊन बाकीचे सगळे इशारेही खोटे ठरवले गेले, खरे होते तेही. म्हणून ही दुरुस्ती, उशिरा: डावखुरी नामशेष झाली असं अब्बासभाई कधीही म्हणाले नव्हते. ते मी म्हणाले. हवा बदलते आहे आणि तिच्यापुढे या जिवांचा टिकाव लागत नाही, हे मी आजही म्हणते, पण त्यांच्या नावावर नाही.

परवा नसीमनं दुकान उघडलं आणि त्यांची वही माझ्यासमोर ठेवली. भांडणानंतरही ते त्या उताराच्या उरलेल्या पट्ट्यावर जात राहिले होते. तारीख, किती वेळ शोधलं, काय मिळालं. प्रत्येक पानाच्या तळाशी शोधणाऱ्यांच्या सह्यांसाठी दोन रेघा. वरच्या रेघेवर त्यांची सही, खालची रिकामी. दोन वर्षांची पानं तशीच.

नसीमनं पेन पुढे केलं. म्हणाली, "करा ना तुम्ही सही. अब्बांना बरं वाटलं असतं."

मी पेन परत दिलं. त्यातल्या एकाही दिवशी मी तिथे नव्हते.